पोट नसलेला पतंग

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात एकच हट्ट धरला होता. भाताच्या दाण्याएवढ्या एका पतंगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आपल्या हातून व्हावं. रामटेकच्या भातशेतात, धानाच्या बांधीवर, कंदिलाशी आलेला हा एकच नर त्यांना मिळाला होता. मातकट पंख, कडेला फिकट झालर, बस. असे मातकट पतंग पैशाला पासरी. जात ठरते ती नराच्या पोटाच्या टोकावरून. पोट अलगद तोडायचं, पोटॅशमध्ये उकळायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं.

मे महिना होता. निवृत्त झालेले, हृदय थकलेले सर घरीच काम करत आणि मी, त्यांची विद्यार्थिनी, आकृत्या काढत असे. काम चालू असताना कूलर बंद, हा त्यांचा नियम. नागपूरच्या उन्हाळ्यात असला नियम करणाऱ्याला काय म्हणावं? त्या दुपारी त्यांनी पोट तोडून कागदावर ठेवलं आणि पोटॅशची बाटली घ्यायला कपाटाकडे वळले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पन्हं घेऊन आल्या.

"घामानं भिजून राहिले ना तुम्ही," म्हणत त्यांनी कूलरचं बटण दाबलं. मी ओरडेपर्यंत कागद कोरा झाला होता.

फरशीवर रांगत, सतरंज्या झटकत आम्ही संध्याकाळ केली. काही सापडलं नाही. त्या दिवसापासून सर काकूंशी बोलेनासे झाले. मीठ हवं असलं तरी मला सांगत. माझं डोकं फिरायचं. एकदा मी तोंडावर बोलले, तर सर म्हणाले, "पंखाची आकृती पुरी करा." जून लागायच्या आत सर गेले.

तेरावं झाल्यावर काकू माझ्याकडे आल्या. हातात कापडी पिशवी. त्या खोलीतला केर त्यांनी त्या दिवसापासून फेकलाच नव्हता.

"तुयापाशी यंत्र आहे ना वं. पाहून दे."

मी चिमूट चिमूट करून सगळा केर पाहिला. कूलरच्या वाळ्याच्या काड्या, झुरळांचे पाय, सरांचे पांढरे केस. मला खोटं बोलता येत नाही.

"नाही काकू, यात नाही. पण चूक सरांची होती. तोडलेलं पोट लगेच काचेखाली झाकायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं."

काकूंनी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली.

"मले माहीत होतं वं. रोज झाकताना पाहो ना मी त्यायले. पण जाताना एकदा तरी त्यायनं 'तुई चूक नाही' म्हणाचं होतं."

केराची पिशवी त्या परत घरी घेऊन गेल्या.