सुदामच्या कागदावर न लिहिलेली ओळ

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका छोट्या मिलिटरी हॉस्पिटलात होती. मी नर्सिंग ऑफिसर, मेजर. आता जुन्नर तालुक्यात, पिंपळवंडीत राहते आणि कोणी विचारो न विचारो, फौजेच्या गोष्टी सांगत सुटते. ही मात्र आठ वर्षांत एका घराशिवाय कुठं सांगितली नाही.

सकाळी आठला ओपीडी. वजन, बीपी घ्यायचं, कागदावर तक्रार लिहायची, मग कागद डॉक्टरसाहेबांकडे. त्या आठवड्यात जवानांची वार्षिक मेडिकल चालू होती. लान्स नायक सुदाम आला. घोडेगावच्या बाजूचा.

"मॅडम, तुमी जुन्नरच्या ना? मंग आपन शेजारीच की!"

"शेजारी असलास म्हणून वजन कमी लिहिणार नाही. काट्यावर उभा राहा."

हसला. मग आवाज खाली आला. "उजव्या कानात सारखं धप धप वाजतंय. अन् परवा डावा हात आपोआप उडत व्हता, मिनिटभर."

मी पेन उचललं.

"लिवू नका, ताई. मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर प्रमोशनचं कॅडर, त्यो कोर्स, हातचा जाईल. लई दिवसांनी नंबर लागलाय. कॅडर झालं की मीच येतो."

मॅडमची ताई झाली आणि मी पाघळले. लिहिलं, तक्रार नाही.

अकराव्या दिवशी, सकाळी सहा चाळीसला पीटी ग्राउंडवरून फोन. "मॅडम, एक जवान गिरा है. होश नहीं."

"नाम?"

"सुदाम."

सात मिनिटांत आणला. डावी बाजू लुळी, उजव्या डोळ्याची बाहुली मोठी. सव्वानऊला हेलिकॉप्टर उडालं. सोबत मी होते. मोठ्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला, ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

सर्जनसाहेबांनी मला स्कॅनचे फोटो दाखवले. धमनीतलं रक्त शिरेत जाण्याआधी केसाहून बारीक नळ्यांच्या जाळीतून जातं, तिथं त्याचा जोर मोडतो. सुदामच्या मेंदूत एका जागी जाळीच नव्हती, नुसता गुंता. विहिरीवरच्या मोटारीची मेन लाइन थेट ठिबकच्या नळीला जोडून बघा, नळी फुटते; त्या सकाळी तेच झालं. कानात वाजायचं ते त्या गुंत्यातलं रक्त. हात उडाला, ती फिट.

"आधी कळलं असतं तर, सर?"

"काहीतरी करता आलं असतं," एवढंच म्हणाले.

रिटायर झाल्यावर त्याच्या आईकडे गेले. चहा झाला. मग त्याच हळूच म्हणाल्या, "बाई, ल्हानपनी मी त्याला उलथनं फेकून मारलं व्हतं. डोक्यात लागलं. त्यानं तर न्हाई ना झालं?"

"नाही मावशी. असा गुंता बहुतेक जन्मापासूनच असतो. उलथण्याचा काही संबंध नाही."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मी तेव्हाच उठू शकले असते. उठले नाही. कान, हात, कॅडर, कागद, सगळं सांगितलं. 'लिवू नका' म्हणाला होता, तेही सांगितलं.

त्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"लिवायचंच नसतं, तर त्यानं तुमाला सांगितलं कशाला असतं, बाई?"

लान्स नायक सुदाम सत्तावीस वर्षांचा होता.