पुरुषाला लागलेला प्रत्यय

समुद्रपूरहून हिंगणघाटला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती नर्स माझ्या शेजारी बसायची. जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून ती जर्मन शिकत होती आणि तोंडावर रुमाल धरून शब्द पुटपुटायची. मी इंग्रजी शिकवते हे कळल्यावर एकदा तिने वही माझ्यापुढे केली.

"मॅडम, जर्मनमंदी शिक्षक म्हणजे लेरर. बाई असली का मांगं 'इन' लावा लागते, लेररिन. बहुतेक शब्द असेच. पण विधवेले विट्वे म्हणतेत आन विधुराले विट्वर. इथं माणसाच्याच शब्दाले काऊन शेपूट लावलं?"

"इंग्रजीतही तसंच आहे," मी म्हणाले. "विडो, आणि 'अर' लावून विडोअर. दोन्ही भाषा एकाच घरातल्या. विधवेसाठी शब्द आधी लागला असेल."

"लागनच. बायको मेली तं माणसाचं काई बदलत नाई," ती म्हणाली. "माहा नवरा गेला तवापासून घरी मले कोणी नावानं बोलावलं नाई."

निदान तेव्हा तरी मी तिचं नाव विचारायला हवं होतं.

परीक्षा पास होऊन ती जर्मनीला गेली. पाच वर्षांची लेक सासूने ठेवून घेतली. जाण्याआधी तिने त्या दोघींशी माझी ओळख करून दिली होती.

परवा ती पोर आजीसोबत बसमध्ये दिसली. "आईचा फोन येतो का गं?" मी विचारलं.

पोरीने आजीकडे पाहिलं. "आई मेली," ती म्हणाली.

"तिले तसंच सांगतलं," आजी माझ्या कानाशी शांतपणे म्हणाली. "मंग वाट पाहत नाई."