विमान गेल्यावर पुढचं वाक्य

लढाऊ विमानं चऱ्होलीच्या डोक्यावरून जात, त्यामुळे आमच्या गावाला एक शिस्त लागली होती. विमान आलं की बोलणाऱ्यानं तोंडातल्या शब्दावर थांबायचं, ऐकणाऱ्यानं आहे तसं उभं राहायचं, आणि आवाज गेला की राहिलेल्या शब्दापासून पुढे बोलायचं. कुणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर "ऐकलं की तेवढं, म्होरलं सांग" असं लोक म्हणत. नव्या सुनेला हे अंगवळणी पडायला एखादं वर्ष जाई.

वडिलांना मात्र हे मान्य नव्हतं. एका कारखान्याच्या फाटकात ट्रकसाठी लावलेली वेगमर्यादेची पाटी त्यांनी पाहिली होती. तशी विमानाला का नाही, हा त्यांचा सवाल. ते विमानतळावर दूध घालत, तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या जवानालाच त्यांनी गाठलं.

"खालून उडताना वेगाला मर्यादा असते, आण्णा," तो म्हणाला. "पण लढाऊ विमान फार हळू चाललं तर पडतं."

"कुठं पडतं?"

"असेल तिथं."

वडिलांनी थोडा विचार केला. "मग जाऊ द्या जोरात."

घरी येऊन त्यांनी तक्रार मागे घेतल्याचं जाहीर केलं. ती केली कुठे होती, हे कुणी विचारलं नाही.

भोगलं ते मी. माझी दोन स्थळं या शिस्तीपायी गेली. सगळं घर एकदम तोंड उघडं टाकून थिजतं, हे पाहून पहिल्या पाहुण्यांनी घराण्यात झटके आहेत असा निरोप धाडला. दुसऱ्यांनी निरोपही धाडला नाही. तिसरं स्थळ तळेगावचं होतं. तेही गेलं तर खेडच्या बिजवराला होकार कळवायचा, असं घरात ठरलं होतं. बिजवराला माझ्याएवढी मुलगी होती. मला त्या माणसाची भीती वाटायची आणि ठरवणाऱ्यांचा राग यायचा.

पाहुणे येण्याआधी वडिलांनी सगळ्यांना बजावलं, "आज इमान आलं तरी कुणी थांबायचं न्हाई. बोलत ऱ्हायचं."

तळेगावचा मुलगा चिंचवडला एका कारखान्यात होता, तापलेल्या लोखंडावर पडणाऱ्या मोठ्या यांत्रिक घणावर. सोबत त्याचे मामा होते. पोहे झाले. चहा आला. मुलानं मला विचारलं, "तुम्हाला शिवणकाम..."

विमान आलं.

सगळ्यात आधी वडील थिजले, हातात पोह्यांची रिकामी बशी घेऊन. आई पदराचं टोक धरून तशीच. मी मान खाली घालून मनात म्हटलं, खेड.

आवाज ओसरला.

"...येतं का?" मुलानं विचारलं.

मी वर पाहिलं. त्याच्या हातातला कप ओठांच्या वाटेवर थांबला होता, तो आता पुढे निघाला. मामांनी कानांवरचे हात काढले. "यांचं राहू दे," ते भाच्यावर खेकसले, "तू रे का थांबलास?"

"घण पडताना कोण बोलतं, मामा?"

मला इतका आनंद झाला की शिवणकाम येत नसताना मी "येतं" म्हणाले. बिजवराला वडिलांनी काय कळवलं, ते मी विचारलं नाही.

पुढे घणानं ह्यांचे कान नेले. आता माहेरी ओसरीवर बसलो की विमान ह्यांना ऐकू येत नाही. पण मी तांदूळ निवडता निवडता हात थांबवला की हे बोलता बोलता थांबतात. माझा हात पुन्हा सुपात गेला, की राहिलेल्या शब्दापासून पुढे सांगू लागतात.