तिसरी जोडी

कडोलीच्या स्वरूप पावशेला निवांत बसलेला कुणी पाहिला नसेल. जेवायला बसला तरी त्याचा डावा गुडघा हलत असायचा. टीव्ही लावला की चॅनेल बदलत राहायचा, शेतावर गेला की बांधावरचा पंप चांगला चालत असला तरी उघडून बघायचा. "जेवताना तरी थांबा की," असं त्याची बायको मंगल म्हणायची. तो थांबायचा, आणि दोन घास झाले की गुडघा पुन्हा सुरू.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात तो माल तपासायचा. ओतून आलेल्या भागात कुठं भेग आहे का, पोकळी आहे का, हे बघणं त्याचं काम. संध्याकाळी कडोलीला परतला की चहाचा कप हातात घेऊन तो थेट मागच्या शेडमध्ये जायचा. तिथं त्याची गाडी होती.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मोजक्याच निघालेली, फायबरच्या बॉडीची, दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. गोव्यात एका बंद पडलेल्या लॉजच्या मागं ती झावळ्यांखाली पडून होती. स्वरूपनं ती ट्रकवर घालून चोर्ल्याच्या घाटातनं वर आणली तेव्हा सीटमध्ये मुंगसानं घर केलं होतं. गाडी चालती करायला त्याला दोन वर्षं लागली. चालू झाल्यावर माणूस खूश होतो, फिरतो. स्वरूपनं मात्र तिचं इंजिन काढलं आणि दुसरं, मोठं बसवलं. मग स्प्रिंगा बदलल्या, सायलेन्सर बदलला. हवा आत यावी म्हणून बॉनेटला हातानं भोक पाडलं, ते जरा तिरकं झालं.

अशी गाडी असणारी आणखी काही माणसं होती. कोल्हापूर, हुबळी, गोवा, बेळगाव मिळून त्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. कुणाला काच हवी असायची, कुणाला दाराचं हँडल. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी सगळे हायवेवर भेटायचे, गाड्या ओळीनं लावायचे आणि दुसऱ्याच्या बॉनेटमध्ये डोकी घालायचे. त्यात स्वरूपचं दोघांशी विशेष जमलं होतं. एक टिळकवाडीतले वकील सुहास हेरेकर, दुसरे निपाणीत तंबाखूची वखार असलेले यल्लाप्पा अण्णा. स्वरूपच्या गाडीसारखंच मोठं इंजिन त्या दोघांनीही बसवून घेतलं होतं. त्याच्याकडनंच.

इंजिन मोठं झालं, पण ब्रेक जुनेच होते. घाट उतरताना ते तापायचे, जळका वास यायचा. तेव्हा स्वरूपनं दुसऱ्या मोठ्या गाडीचे ब्रेक आणले. ते या लहान चाकाला बसेनात, म्हणून मध्ये घालायला ॲल्युमिनियमचं जाड ब्रॅकेट त्यानं स्वतः कागदावर काढलं आणि ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर कापून घेतलं. पुढच्या दोन चाकांना दोन, अशा तीन जोड्या. पहिली स्वतःला, दुसरी वकिलांना, तिसरी अण्णांना. पहिल्यांदा घाट उतरून आल्यावर वकील गाडीतनं उतरले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "गाडी आता कुठे माझं ऐकते आहे." त्या दिवशी स्वरूपला घरी आल्यावर जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

पुढं वर्षभरानं एका रविवारी सगळ्यांनी तवंदी घाटाच्या पायथ्याशी जमायचं ठरवलं. मंगलही येणार होती. ती साडी नेसून, डबा भरून शेडमध्ये आली, तर गाडी जॅकवर उभी आणि पुढची चाकं काढून जमिनीवर ठेवलेली.

"आजच उघडायची होती व्हय?"

"ब्रेक दाबला की एक आवाज येतोय."

"मला तर कधी आला न्हाय."

"कुणालाच येत न्हाय गं. मला येतोय."

ती रागानं डबा तिथंच ठेवून आत गेली. स्वरूपनं ब्रॅकेट काढून पुसलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मग कारखान्यात करतो ते त्यानं केलं. लाल द्रव मारला, थोडा वेळ थांबला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. भेग असेल तर आत शिरलेला लाल रंग त्या पांढऱ्यावर वर येतो. दिवसभर तो हेच बघायचा, पण दुसऱ्यांच्या मालात.

आतल्या कोपऱ्यातनं केसाएवढी लाल रेघ वर आली. बघता बघता ती ठळक झाली.

तो कोपरा त्यानं गोल ठेवायला हवा होता. काटकोनात कापलेला दिसायला सुबक वाटतो म्हणून तसा कापला होता. सगळा ताण त्याच कोपऱ्यात येतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

आणि वकील आता त्याच ब्रेकांवर तवंदी घाट उतरायला निघाले होते.

त्यानं फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. मंगल दारात आली, तिनं त्याचा चेहरा बघितला आणि काय झालं ते विचारलं. सांगून होईपर्यंत तिनं साडीचा पदर खोचलाही होता. "मोटारसायकल काढा," ती म्हणाली.

काकतीजवळ हायवेला लागेपर्यंत मागं बसून मंगल फोन लावत होती. शेवटी वकिलांच्या बायकोनं, वासंतीवहिनींनी, उचलला. "अगं, फोन घरीच विसरलाय त्याचा. इथे टेबलावर वाजतोय."

हत्तरगीचा टोल गेला, संकेश्वर गेलं. वारा इतका होता की मंगल काय बोलते ते स्वरूपला ऐकू येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं ती लाल रेघ होती. रस्त्यात कुठं गर्दी दिसली की तिथं वकिलांची गाडी तर नाही ना, हे तो वेग कमी करून बघायचा. घाटाच्या अलीकडं ग्रुपचं नेहमीचं चहाचं हॉटेल होतं. तिथं वकिलांची निळी गाडी दिसली. ते चहा पिऊन, टोपी घालून गाडीत बसले होते आणि गाडी सुरू करत होते. स्वरूपनं मोटारसायकल त्यांच्या पुढ्यात आडवी घातली.

"अरे, वेडा झालास का? गाडी कुठे आहे तुझी?"

"वकीलसाहेब, उतरा. ब्रॅकेट गेलंय."

"कुणाचं?"

"माझं गेलंय. तुमचं बघायला पाहिजे."

वकिलांना ते पटलं नाही. गाडी मस्त चालली आहे, काल सर्व्हिसिंग झालं आहे, लोक खाली वाट बघत आहेत, असं ते म्हणत राहिले. स्वरूप बोलत बसला नाही. हॉटेलच्या मागं सावलीत गाडी ढकलायला लावून त्यानं चाकं काढली आणि सोबत आणलेल्या लाल द्रवाच्या आणि पावडरीच्या बाटल्या काढल्या. डाव्या ब्रॅकेटवर काही आलं नाही. वकिलांनी घड्याळ बघितलं. उजव्यावर रेघ आली. स्वरूपच्या ब्रॅकेटवरच्यापेक्षा लांब, कोपऱ्यातनं निघून जवळजवळ बोल्टच्या भोकापर्यंत गेलेली.

वकिलांनी वाकून तिच्यावरनं बोट फिरवलं.

"आज श्रिया येणार होती माझ्याबरोबर," ते म्हणाले. श्रिया त्यांची मुलगी. "परीक्षा आहे म्हणून राहिली."

मंगलनं वकिलांना पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी नुसतीच हातात धरली.

"तिसरी जोडी कुणाकडे?"

"यल्लाप्पा अण्णांकडं."

"त्यांनी तर गाडी विकली ना दसऱ्याला?"

हे स्वरूपला माहीत होतं. वाटेत सगळा वेळ फक्त वकील डोक्यात होते, म्हणून त्याचा विचार झाला नव्हता. आता तो झाला.

त्याच दिवशी त्यानं ग्रुपवर फोटोसकट सगळं लिहून टाकलं. चूक आपलीच, हेही लिहिलं. काहींनी धीर दिला. काहींनी विचारलं, कुणी सांगितलं होतं असले उद्योग करायला? वकिलांनी काहीच लिहिलं नाही. त्यांनी गाडी टोचन करून नेली आणि दुसऱ्या गॅरेजात जुने ब्रेक परत बसवून घेतले. स्वरूपचा फोन ते घेईनासे झाले.

तिसरी जोडी मात्र कुठंतरी रस्त्यावर फिरत होती.

यल्लाप्पा अण्णा निपाणीत वखारीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. "ये रं स्वरूप. बोरगावच्या एका यंत्रमागवाल्याला दिली बघ. पण त्यानं ठेवली काय न्हाय, मला ठाव न्हाय." स्वरूप तसाच बोरगावला गेला. मागवाला म्हणाला, पोरांनी सारखी मागितली असती म्हणून त्यानं ती महिन्यातच काढून टाकली. एका दलालामार्फत. शिरोळकडं गेली असेल. दलालाचा फोन बंद. स्वरूप शिरोळला गेला, गॅरेजा-गॅरेजात विचारत हिंडला. तसली गाडी तिथं कुणी बघितलीच नव्हती.

त्याची झोप उडाली. पेपर आला की तो आधी अपघाताच्या बातम्या बघायचा. कारखान्यात चांगला माल त्यानं दोन वेळा नापास केला, तेव्हा साहेबांनी बोलावून कारण विचारलं. रविवार आला की मोटारसायकल काढायची आणि चिकोडी, निपाणी, कागल पालथं घालायचं. कोपरा गोल ठेवून, पोलादात कापलेली नवी जोडी पिशवीत घेऊनच तो फिरायचा. ती त्यानं आधी कारखान्यातल्या डिझाइनच्या इंजिनिअरला दाखवली होती, त्यानं सांगितली तेवढी जाडी वाढवली होती. शेडमधल्या आपल्या गाडीला त्यानं हातही लावला नाही. ती जॅकवर तशीच उभी होती.

"घरात एवढी माणसं हायत, त्यांच्याकडं एकदा बघा तरी," मंगल एकदा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून त्याला ते जास्त लागलं.

गाडी सापडली ती मंगललाच. सदलग्याला तिच्या मावसबहिणीच्या सासरी लग्न होतं. बहिणीनं वरातीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. बँडच्या मागं फुलांनी मढवलेली पांढरी उघडी गाडी, आणि तिच्या पाठीवर, सीटमागच्या उंचवट्यावर, फेटा बांधून बसलेला नवरदेव.

"हे बघा. ही तुमच्यातलीच न्हवं?"

रंग बदलला होता. पण बॉनेटवर तिरकं भोक होतं. अण्णांच्या गाडीलाही ते त्यानंच पाडलं होतं, आणि तेही तिरकंच झालं होतं.

गाडी सदलग्यातल्या मष्णूची होती. मष्णूचा मंडपाचा धंदा होता. स्वरूप पोचला तेव्हा तो गाडीला झेंडूच्या माळा बांधत होता. स्वरूपनं सगळं सांगितलं, फोटो दाखवला. मष्णूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि हातातली माळ तशीच पुढं बांधत राहिला.

"भावा, ही गाडी बँडच्या मागनं चालती. हिला घाट कुठला दाखवायचाय? माणूस हिच्यापेक्षा जोरात चालतोय."

"हिच्यापुढं माणसं नाचत असत्यात न्हवं? ब्रेक लागला न्हाय तर?"

मष्णूचा हात थांबला. त्यानं गाडीकडं बघितलं, मग स्वरूपकडं. "आज आणखी एक वरात हाय, संध्याकाळी. तवर जोडून देणार काय?"

"देतो."

स्वरूप झेंडूच्या माळांमध्ये आडवा झाला. त्यानं जुनी ब्रॅकेट काढली, तपासली. दोन्ही स्वच्छ निघाली. कधी जोरात ब्रेकच दाबला गेला नव्हता, तर भेग पडणार कुठनं? आपल्याला हायसं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही, त्यानं दोन्ही पुसून पुन्हा तपासली. मष्णूनं ते बघितलं आणि आतनं चहा मागवला.

नवी जोडी बसवून, गल्लीत चार वेळा पुढं-मागं करून त्यानं ब्रेक बघितले. हात पुसतोय तेवढ्यात मष्णू आला. त्याच्या ड्रायव्हरला ताप आला होता.

"आता तूच चालीव. एवढं हिच्यासाठी फिरलायस."

अशा रीतीनं स्वरूप पावशे वरातीत गाडी चालवायला बसला. पुढं बँड, त्याच्यापुढं नाचणारी पोरं, पाठीवर नवरदेव. गाडी पहिल्या गिअरमध्ये, तीही अर्ध्या क्लचवर. जरा अंतर पडलं म्हणून त्यानं ॲक्सिलेटर दाबला की नवरदेवाचा मामा बॉनेटवर थाप मारून कानडीत ओरडायचा, "निधान, निधान!" हळू, हळू. माणसं एका दारापुढं थांबली की दहा गाणी होईपर्यंत हलत नव्हती. स्वरूपचा गुडघा क्लचवर अडकला होता, त्याला हलताही येत नव्हतं. त्यानं तीन वेळा ब्रेक दाबून बघितला, गाडी उभी असतानाच. तापमानाचा काटा हळूहळू वर चढत होता.

"मष्णूअण्णा," बाजूनं चालणाऱ्या मष्णूला तो म्हणाला, "हिचा फॅन लहान पडतोय. पुढच्या रविवारी येऊन मोठा बसवू काय?"

"काय नको."

"तापतीया बघा."

"रोज तापती. थांबली की निवती." मष्णूनं ग्लासातलं सरबत त्याच्यापुढं धरलं. "पी. आणि पुढं बघ, पोरगं आडवं यायलंय."

स्वरूपनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. पाठीवरच्या नवरदेवानं फेटा सावरला, मामानं हात वर करून बँडला खूण केली, आणि पुढचं गाणं सुरू झालं.