मोझेसच्या नवसाचा मलिदा

इस्रायलहून रूबेनचं पत्र आलं तेव्हा मी शाळेत शिकवून नुकताच घरी परतलो होतो. त्याचा थोरला भाऊ, माझा जुना दोस्त मोझेस गेल्याचं त्यानं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. पुढं असं, की सातव्या दिवशी घरी जमलेल्यांनी दादाची विडंबनगाणी म्हटली आणि रडता रडता सगळे हसले. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला हेवा वाटला. मेल्यावरसुद्धा हा माणसं हसवतो... दीड महिना झाला, तो हेवा अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

मोझेस झिराडकरचे वडील गुरांचे सरकारी डॉक्टर. बदलीवर बसवकल्याणला आले आणि इथंच रमले. मूळचे कोकणातले ज्यू, बेने इस्रायल म्हणवणारे. गावात त्यांचं एकच घर, त्यामुळं मोझेस सगळ्यांचाच लाडका. मुंबईच्या मामानं दिलेली गिटार गळ्यात अडकवून तो हिंडायचा. रूबेननं ड्रम जमवले, मी बुलबुलतरंग घेतला आणि आमचा बँड उभा राहिला. नाव ठेवलं ‘मलिदा बॉईज’. गाजलेल्या सिनेमागीताची चाल घ्यायची, ती धडाधडा वाजवायची आणि शब्द मात्र रेशनच्या साखरेचे, तहसील कचेरीतल्या पंख्याचे. एक ओळ मराठीत, दुसरी कन्नडात, तिसरी दखनीत. लोक लोटपोट व्हायचे.

आता माझं दुखणं सांगतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून माझे अप्पा गावोगाव जलशात गायचे. ऐकलेल्या चालीवर नवे शब्द बसवणं ही आमच्या घरची विद्या. ती मला यायला हवी होती आणि आली त्या झिराडकराला! मी रात्रंदिवस झटून लिहिलेलं गाणं अप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “बरं हाय.” मोझेसनं चहा पिता पिता जुळवलेल्या दोन ओळींवर मात्र खोकला येईपर्यंत हसायचे. “अरं मोज्या, पुन्यांदा म्हण की!” त्या ‘पुन्यांदा’नं माझा जीव जळायचा. अप्पांना एकदा तरी मी तसं हसवावं, याखेरीज त्या वयात मला दुसरं काही नको होतं.

म्हणून मी एक लबाडी केली. चिटगुप्प्याच्या तरुण मंडळाचं बोलावणं आलं, तारीख माझ्यावर सोडली होती. मी मुद्दाम शुक्रवारची संध्याकाळ दिली. शुक्रवारी सूर्य मावळला की झिराडकरांचा शब्बाथ लागायचा. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत दोघं भाऊ वाद्यांना हात लावायचे नाहीत की गाडीत बसायचे नाहीत. हे मला चांगलं ठाऊक होतं. “इसरलो रे,” मी तोंड पाडून म्हणालो. मोझेस माझ्याकडं बघून म्हणाला, “मंग तू एकलाच जा की. सगळी गाणी तुला पाठ हायत. भ्यायलास कामून?”

मी गेलो, अप्पांना सोबत घेऊन. मोझेसचीच गाणी, त्याच चाली. पहिलं गाणं झालं, कुणी हसलं नाही. दुसऱ्याला मागून आवाज आला, “गिटारवाला न्हाई आला व्हय?” मी घाईघाईनं म्हणत सुटलो आणि पहिल्या रांगेत अप्पा आपल्या चपलांकडं बघत बसले. 

शनिवारी चांदण्या दिसल्या आणि मोझेस घरी हजर. “कसं झालं?” मी छातीठोक सांगितलं, “पोट धरून हसले लोक!” त्यानं मला मिठीच मारली. म्हणाला, तुझ्यासाठी आमच्या प्रेषिताचा, एलियाहू हनाबींचा नवस बोललो होतो, तो फेडायला उद्या मलिदा. रविवारी त्याच्या आईनं पोहे, गूळ, खोबरं कालवून ताट मांडलं, फळं ठेवली, प्रार्थना झाली. माझ्या नसलेल्या यशाचा तो मलिदा मी दोनदा मागून खाल्ला. पुढं झिराडकर इस्रायलला गेले, बँड मोडला, पण त्याला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही.

पत्र आलं त्या संध्याकाळी मोझेसला मारलेली ती थाप मी अप्पांपाशी कबूल केली. अप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. ओसरीवर बाजेवर बसून शांतपणे म्हणाले, “त्याला समदं ठावं हुतं. त्या शनवारी तुझ्याकडं यायच्या आदी त्यो हितंच माझ्यापाशी बसलता. मीच सांगितलं, कुनी हसलं न्हाई म्हनून.”

“मग मलिदा कशाला केला?”

“उद्या मलिदा करतो म्हनला, तवा मी बी तेच इचारलं. तर म्हनला, अप्पा, त्यो सांगंल तेच खरं धरू. नवस त्यो एकला स्टेजवर उभा ऱ्हावा म्हनून बोललतो. ऱ्हायला का न्हाई?”

म्हणजे वीस वर्षं अप्पांनी त्याचं गुपित जपलं. माझ्याशी माझ्या बापाचं असं एकही गुपित नाही... मला पुन्हा हेवा वाटला, आणि यावेळी त्याच्यासोबत रडूही आलं.

तेवढ्यात अप्पा मोझेसचं उमरग्याच्या गाडीचं गाणं गुणगुणू लागले. “गाडी सुटली टायमावरती, बगून घ्या घड्याळ...” आणि अडले. पुढचं आठवेना. हात हवेत तसाच धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला एकूण एक ओळ पाठ होती. मी डोळे पुसले आणि म्हटलं, “चाकं मागून यायलेत, त्यांना जरा सांभाळ!”

अप्पा खोकला येईपर्यंत हसले. “पुन्यांदा म्हण की,” म्हणाले. ते हसू मोझेसचंच होतं, हे मला कळत होतं. तरी मी ते घेतलं, आणि ओळ पुन्हा म्हटली.