सोमवारची वाकळ

तांदळाचं पोतं, स्टोव्ह आणि माझी पत्र्याची ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवून हे खाली उतरले, तेव्हा आक्का, तुम्ही खिडकीतून वाकळ आत ढकलत होतात. तुमच्याच जुन्या लुगड्यांची, तुम्हीच शिवलेली. "पोरीला अंगाखाली मऊ लागंल," म्हणालात. मग माझ्याकडं बघून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं, "आन् तुझं काय गं! दोन भाकरी थापायच्या न् दुपारी लोळायचं. नशीब काढलंस की!"

गाडीतली माणसं हसली. मी पदर तोंडाला लावला. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. म्हशी तुमच्या गळ्यात, रोपलावण तुमच्या गळ्यात, आणि धाकटी जाऊ कोल्हापुरात बसून खाणार. शेजारी माझी सुनी बसली होती, आमच्या वाडीतली इंजिनिअरिंगला गेलेली पहिली मुलगी. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून माझं जायचं ठरलं होतं. गगनबावडा मागं पडला, भाताची खाचरं संपली, ऊस लागला. सुनीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं ते स्टँड येईपर्यंत उचललं नाही. एवढी निवांत झोपलेली ती मला त्यानंतर क्वचितच दिसली.

त्याला आता तीन वर्षं झाली.

खोली एकच, वर पत्रा, एक खिडकी. पाणी सकाळी तासभर. इथली माणसं प्रेमानं बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात. घरमालकीण वहिनी दारातनं ओरडतात, "काय वो, जिवंत हाय न्हवं? आवाज न्हाय, गोंगाट न्हाय!" मी हसते आणि आत येते. मंडईत भाव करायचीसुद्धा मला लाज वाटते, सांगतील तो देऊन येते. माझं बोलणं सगळं मनातल्या मनात तुमच्याशीच चालतं, आक्का. हे लिहितेय तेही तसंच. टपालात टाकणार नाही.

गावाकडं सोमवारी मोडा असायचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, नांगर धरायचा नाही. कितीही घाई असो, वाफसा निघून जाईना का. मामंजी म्हणायचे, "मुकं जनावर सांगणार न्हाय, म्हणून आपण वार पाळायचा." मी लहानपणापासून तेच बघत आले, म्हणून मला वाटलं कॉलेजलाही असा एखादा वार असेल. नाही. सकाळी आठला जायचं, संध्याकाळी यायचं, आल्यावर पुन्हा वही. जर्नल, टेस्ट, सबमिशन, व्हायवा. हे शब्द मला भाकरी-पिठासारखे पाठ झाले, पण त्यांच्यात जेवायची वेळ कुठं बसते ते कळलं नाही. रविवारी तर जास्तच काम. घास हातात धरून ही पोरगी ताटावर पेंगायची. मी हलवलं की म्हणायची, "पाच मिनिटं आई, पाचच." तिच्या गालांची हाडं दिसायला लागली. केस विंचरताना फणीत पुंजके यायचे. मी चौथी शिकलेली. दूध तापवून देण्यापलीकडं तिच्या ओझ्यातलं मला काय उचलता येणार?

पहिल्या वर्षीची गोष्ट. ड्रॉइंगची मोठी शीटं असतात. वर्गातली एखादी हुशार मुलगी ती मन लावून काढते आणि बाकीच्या काचेवर गिरवतात. दोन डब्यांवर काच आडवी ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर तिचं शीट, त्यावर आपलं कोरं. खालच्या रेघा वर दिसतात. सगळा वर्ग असंच करतो, मुली त्याला जीटी म्हणतात. सुनीला शीटं द्यायची रेश्मा. इचलकरंजीची, वडील यंत्रमागावर कामाला. मोकळ्या तोंडाची पोर.

सबमिशनच्या आदल्या दिवशी रविवार होता. तीन शीटं राहिली होती. सुनीनं भर दुपारी खिडकी लावून काच मांडली, पहिलं शीट पुरं करत आणलं आणि पेन्सिल धरल्या हातानं तिथंच आडवी झाली. अंग कढत लागत होतं. मी तिला ओढत वाकळीवर नेलं. तिला जाग आली नाही.

मी काचेपुढं बसले. रेघाच तर होत्या. दिवाळीत आपल्या दारात तीस ठिपक्यांची रांगोळी कोण काढायचं, आक्का? माझा हात हलत नाही, हे तुम्हीच म्हणायचात. पहिल्या शीटाच्या राहिलेल्या रेघा ओढल्या. मग दुसरं लावलं, मग तिसरं. जाड रेघ जाड, बारीक रेघ बारीक. कोपऱ्यातल्या चौकटीत जे होतं तेही तसंच्या तसं उतरवलं. दिवेलागणीपर्यंत माझी पाठ मोडून गेली. पण सुनी झोपली होती. तिचा श्वास ऐकत मी रेघा ओढत होते. कोल्हापुरात आल्यापासून त्या दुपारी पहिल्यांदा मला वाटलं की मी इथं कशाला तरी आले.

ती दचकून उठली. "आई, उठवलं का न्हाईस!" मग काचेवर ठेवलेलं तिचं पहिलं शीट बघितलं, आणि माझ्या गळ्यात पडली. बाकीची दोन मीच गुंडाळून नळकांड्यात घातली होती. ती जर्नलकडं वळली.

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच परत आली. दारात चपला न काढता उभी राहिली.

"आई, दोन्हींवर नाव रेश्माचं घातलंस गं."

पहिल्या शीटावर नाव तिनं आधीच घातलं होतं; त्या चौकटीत नाव असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मला तोही चित्राचाच भाग वाटला होता.

सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, "तू नक्की कोण? ही का ती?" वर्ग हसला. दोघींची सगळी शीटं लाल रेघा मारून रद्द झाली. शनिवारपर्यंत सगळी पुन्हा काढायची, नाहीतर टर्म नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. सुनीनं माझं नाव घेतलं नाही. "मीच गिरवलं," म्हणाली.

पाच दिवस दोघी आमच्या खोलीत वाकून बसल्या. रेश्माचंही माझ्यामुळंच झालं होतं. मी तिच्यापुढं चहा ठेवला, तेव्हा माझी मान वर होईना. ती म्हणाली, "काकू, नाव मात्र झकास काढलंय हां माझं. मला सोताला एवढं चांगलं येत न्हाय." गावी चुलीपाशी बसायची तसं तोंड फिरवून मी स्टोव्हपाशी बसले आणि रडले. सुनीला ताप चढला होता, मी कपाळावर ओली पट्टी ठेवायची, ती पट्टी काढून रेघ मारायची. "शीटावर पाणी पडंल आई." शीटांना हात लावायची मला आता सोय नव्हती. शनिवारी शीटं घेतली गेली. टर्म मिळाली. ताप पुढं पंधरा दिवस राहिला.

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा तिला हुकूम केला. सोमवारी कॉलेजातनं आलीस की दिवेलागणीपर्यंत वहीला हात लावायचा नाही. मोडा. ती हसली, "मी काय बैल हाय व्हय?" पण पाळला. तीन सोमवार. चौथ्याला टेस्ट आली.

आता शेवटचं वर्ष आहे, प्रोजेक्ट म्हणून काहीतरी आहे. सोमवारीही ती अंधार पडल्यावरच येते. हे कॉइन बॉक्सवर विचारतात, "पोरगी बरी हाय न्हवं?" मी "व्हय" म्हणते. दुसरं काय सांगू? ती झिजताना मी तीन वर्षं शेजारी बसून बघतेय आणि मला थांबवता येत नाही, हे फोनवर कसं सांगायचं? सुगीला गावी आले तर तुम्ही म्हणालात, "झोप की जरा, आता तरी." मी आडवी झाले. डोळा लागेना. माझंच घर, माझीच भिंत, आणि कान कोल्हापूरच्या दारापाशी.

ही पानं त्या रद्द शीटांचीच आहेत, चार-चार तुकडे करून ठेवलेली. मागच्या लाल रेघा इकडं उमटलेल्या दिसतात. माझ्या हाताला इंग्रजीत पहिलं नाव आलं ते रेश्माचं, दुसऱ्याच्या मुलीचं. नंतर वहीवरचं बघून बघून सुनीचंही शिकले. आता न बघता येतं. पण आता तिला ड्रॉइंगच नाही.

घर कुठलं असं कुणी विचारलं तर मला गावही सांगता येत नाही आणि ही खोलीही. आज सोमवार आहे. चार वाजता मी खोली झाडली, खिडकी लावून घेतली आणि तुमची वाकळ अंथरली. दर सोमवारी अंथरते. मी तिच्यावर बसत नाही, शेजारी फरशीवर बसते. घडी मोडलेली राहू दे. पोरगी उजेडात आली, तर अंथरायचा वेळ तरी वाचेल.