बूट काढायला अकरा मिनिटं

अख्ख्या मावळ तालुक्यात चामड्याच्या जाकिटाखाली कुठले बूट घालावेत याचं शास्त्र एकाच माणसाला अवगत आहे, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहायला वलवणला, नोकरी एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात. दिवसभर खोक्यांवर चिकटपट्टी सरळ बसली की नाही एवढं बघायचं, पण संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना वाटावं, हा गृहस्थ आत्ताच मोटरसायकलवरून हिमालय उतरून आलाय आणि चहा घेऊन परत चढणार आहे. प्रत्यक्षात साडूंकडे मोटरसायकल नाही. सायकलही नाही. ते टमटमने ये-जा करतात. मागच्या बाकावर एका बाजूला भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली मावशी, दुसऱ्या बाजूला कॉलेजची दोन पोरं आणि मध्ये अंग चोरून बसलेलं ते काळं, चेनाच चेना असलेलं जाकीट. साडू नेहमी मध्येच बसतात, कारण कडेला बसलं की बुटांवर रस्त्यातला चिखल उडतो.

रविवारी जुन्या हायवेवर मुंबई-पुण्याची मोटरसायकलवाली मंडळी चहाला थांबतात. साडूही नेमके तिथेच, त्याच वेळी चहाला थांबतात. एकदा मी बरोबर होतो. एका तरुणाने साडूंना नखशिखान्त न्याहाळलं आणि आदराने विचारलं, "अंकल, आपकी कौनसी है?" साडू कप खाली न ठेवता म्हणाले, "पीछे लगायी है." त्यात खोटं काही नव्हतं. मागे टमटम लागलेली होतीच. तरुणाने बघू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अभी इंजन गरम है." तेवढ्यात टमटमवाल्याने हाक मारली, "ओ साहेब, चला, शीट भरलं!" साडू उठले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एखादा सेनापती रथात चढावा तसे मागच्या बाकावरच्या दोघा प्रवाशांच्या मध्ये जाऊन बसले. साडूंच्या चेहऱ्यावर ओशाळेपणाचा मागमूसही नव्हता. ओशाळलो मी.

त्यांचे नियम पक्के आहेत. काळ्या जाकिटाला काळेच बूट, पण चकाकी जाकिटाहून थोडी कमी, नाहीतर लोक आधी पायांकडे बघतात. तपकिरी जाकिटाला त्याहून गडद तपकिरी. जाकिटाची चेन पितळी असेल तर बुटाच्या नाडीची भोकंही पितळी. दोन्ही वस्तू एकाच वेळी नव्या असता कामा नयेत, एक तरी मुरलेली हवी. हे सगळं ते विचारलं नसताना सांगतात. शेजारच्या मुलीला बघायला एक मुलगा आला होता. पोरगा चांगला, नोकरी चांगली, बिचाऱ्याने हौसेने जाकीट घातलेलं. कांदेपोहे चालू असताना साडू माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जाकीट तपकिरी, बूट काळे. हे लग्न टिकणार नाही." लग्न टिकलं. दोन मुलं झाली. साडूंनी अजून आशा सोडलेली नाही.

पावसाळा हा त्यांचा खरा शत्रू. लोणावळ्याची हवा चार महिने अशी असते की काडेपेटीसुद्धा पेटायला कुरकुरते, मग चामड्याची काय कथा! आठवडाभर हात लागला नाही तर जाकिटाला हिरवट बुरशी. म्हणून कपाटात जून ते सप्टेंबर रात्रंदिवस एक पिवळा दिवा जळत असतो. त्या उबेला तीन जाकिटं आणि तीन बूटजोड सुखाने नांदतात आणि बाहेर घरातली माणसं ओले टॉवेल वापरतात. "माझे पापड सादळले तरी चालतील, पण ह्यांच्या जाकिटाला पडसं व्हायला नको," असं ताई, म्हणजे त्यांची बायको, प्रत्येक पाहुण्याला सांगते. साडू ही तक्रार कौतुक म्हणून ऐकतात.

त्यांचा सर्वांत लाडका बूटजोड घेताना मी साक्षीला होतो, आणि पुढचं सगळं रामायण त्या जोडापासूनच सुरू झालं. गडद तपकिरी, नडगीपर्यंत उंच, प्रत्येक पायाला चौदा भोकं. साडूंनी जाकीट पिशवीत घालून आणलं होतं. दुकानातला उजेड खोटा असतो म्हणून एकेक बूट आणि जाकीट घेऊन ते बाहेर उन्हात जात, डोळे बारीक करत, मान हलवत परत येत. दुकानदाराने आधी चहा दिला, मग पाणी, शेवटी नुसता उसासा. अखेर रंग जमला तो एकाच जोडात, आणि तो जोड होता आठ नंबरचा. साडूंचा पाय नऊ नंबरचा. मी तसं म्हणून पाहिलं. साडूंनी माझ्याकडे अतीव करुणेने बघितलं. "रंग जमायला नशीब लागतं," ते म्हणाले, "पाय काय, जमवून घेता येतो."

पाय जमला नाही. तो आत जाई तो पायमोज्याला पावडर लावून, आणि बाहेर येई तो चौदा अधिक चौदा भोकांतली नाडी सैल करून, भिंतीला पाठ टेकून, दात-ओठ खात. मी घड्याळ लावून पाहिलंय, अकरा मिनिटं लागतात. आणि आपल्याकडे तर प्रत्येक उंबऱ्याशी पायताण काढावं लागतं. त्यामुळे साडूंनी हळूहळू आयुष्य उंबऱ्याबाहेरच जगायला सुरुवात केली. आमच्या सोमाटण्याच्या घरी आले तरी दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानेच चहा घेतात. मळवलीला विहारात पुतणीचं लग्न होतं, तेव्हा ते वेळेत पोहोचले, वेळेत पायरीवर बसले आणि नाडी सोडू लागले. आत त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घातले गेले, टाळ्या वाजल्या, आणि साडूंचा डावा बूट निघाला. त्या लग्नाच्या एकाच फोटोत ते आहेत. दारात, एका पायात बूट, एक हातात, चेहऱ्यावर आशीर्वाद. "निदान जाकीट तरी काढून ठेवा आणि माणसात या," मी एकदा वैतागून म्हणालो. "जाकीट काढलं, बूट काढले, तर कोण आलंय ते लोकांना कळणार कसं?" हे त्यांचं उत्तर, आणि ते त्यांनी अगदी गंभीरपणे दिलं होतं.

या सगळ्याचा त्रास खऱ्या अर्थाने एकाच माणसाला होत होता. साडूंची थोरली बहीण, अक्का. आईवडील लवकर गेले तेव्हा हिनेच त्यांना वाढवलं. अक्का मळवलीला एका बंगल्याची देखभाल करायची. बंगल्यामागे तिची एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शेणाने सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली फरशी. शनिवार-रविवारी बंगल्यावर येणारे पाहुणे चिखलाच्या बुटांनी दिवाणखाना तुडवायचे आणि अक्का त्यांच्यामागे फडकं घेऊन फिरायची. स्वतःच्या खोलीचा नियम मात्र कडक. "बंगल्यात कुणी कसं बी हिंडू दे, त्ये मी पुसतेच की. पण माज्या घरात पाय उघडं करूनच यायचं." साडू दर रविवारी जायचे आणि अंगणात उभे राहायचे. बुटात असताना ते आमच्यासारखं शहरी बोलतात. अक्कापुढे मात्र जीभ लगेच घरी परतते. "आत ये की रं, भाकरी खा," ती म्हणायची. "नगं अक्का, गाडी जाईल. हितंच बरा हाय." मग ती ताटली बाहेर आणून द्यायची आणि हे पेरूच्या झाडाखाली उभ्याने खायचे.

गेल्या वर्षी बंगल्याच्या ओल्या पायरीवरून अक्का घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तिचं उठणं बंद झालं. बाहेर ताटली आणायला आता कुणी नव्हतं. मला वाटलं, आता तरी हा गृहस्थ आत जाईल. तर साडूंनी खिडकी शोधून काढली! लहानशी, बसकी खिडकी, तिच्याबाहेर उभं राहून ते मोठ्या आवाजात विचारायचे, "अक्का, गोळी घेतली का? जेवलीस का?" आणि आतून ती ओरडून उत्तर द्यायची. सलग तीन रविवार हा तमाशा चालला. तिसऱ्या रविवारी मी आत अक्कापाशी बसलो होतो आणि माझा संताप शिगेला पोहोचला होता. साडू नळावर पाणी प्यायला गेले तशी अक्का हळूच म्हणाली, "खिडकीतनं त्याचं तोंड दिसत न्हाई मला. निस्तं जाकीटच दिसतंय."

मी काहीतरी बोलणार तोच तिने हात वर केला. "त्याला बोलू नका. चूक माजी हाय. सतरा वर्साचा हुता त्यो. बंगल्याच्या सायबांनी जुनं जाकीट दिलं, मी ह्याला दिलं. लय खूश झालता. ते घालून मला दावायला बंगल्यावर आला. पायात रबरी चपला, निळ्या पट्ट्याच्या. तितं पाव्हणं बसलं हुतं. त्यातला एक म्हणाला, वरनं साहेब, खालनं गडी. समदी हसली." तिने पांघरूण सारखं केलं. "मी बी हसले. हातात त्यांच्या चहाचा ट्रे हुता, काय करणार? पण त्यानं बघितलं माज्याकडं. त्या दिसापास्नं जाकिटाखाली उघडा पाय त्यानं मला दावला न्हाई."

मला स्वतःची लाज वाटली. त्या हसणाऱ्यांच्या रांगेत मीही कित्येक वर्षं उभा होतो, आणि माझ्या हातात तर ट्रेही नव्हता. मी बाहेर आलो. साडू पुन्हा खिडकीशी उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि फक्त एवढंच सांगितलं, "अक्काला तुमचं तोंड दिसत नाही. तीन रविवार ती जाकिटाशी बोलतेय."

साडू पायरीवर बसले आणि नाडी सोडू लागले. उजव्या बुटाची गाठ बसली होती, ती नखाने सुटेना. मी खाली बसून बूट धरला, त्यांनी पाय ओढला, आणि एकदाचा तो निघाला. त्या राजेशाही बुटातून जो मोजा बाहेर आला, त्याला अंगठ्याशी एवढं मोठं भोक होतं की अख्खा अंगठा जगाकडे बघत होता. जन्मभर माणसाने रंग जुळवले आणि आत हे! मला हसू आवरेना. साडू तसेच, अंगात जाकीट, खाली फाटका मोजा, आत गेले आणि पलंगासमोर उभे राहिले. अक्काने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती हसली नाही. "किती सुजल्यात रं पाय," ती म्हणाली, "बस हितं." आणि तो पन्नाशीचा माणूस तिच्या पायांशी बसून मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी ते मळवलीला पुन्हा आले, ते निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला घालून. वर तेच तपकिरी जाकीट. पुढचे आठ महिने रोज संध्याकाळी कामावरून सुटले की टमटम, मळवली, चपला दारात आणि साडू आत. भाकरी मांडी घालून. अक्का या उन्हाळ्यात गेली. ती खोली आता दुसऱ्या कुणाची आहे.

मला वाटलं होतं, बूट परत येतील. आले नाहीत. कपाटातला दिवा फक्त जाकिटांसाठी जळतो, आणि ताईला पापडासाठी एक कप्पा मिळालाय. परवा रविवारी आम्ही हायवेवर चहा पीत होतो, तेव्हा मोटरसायकलवाल्या पोरांनी साडूंच्या पायांकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. साडूंनी ते पाहिलं आणि ते निवांत फुंकर मारून चहा प्यायले. न राहवून मी म्हणालो, "साडूभाऊ, आता घाला की बूट. आता कुठे आत जायची घाई आहे?"

त्यांनी चपलांकडे बघितलं. "अकरा मिनटं लय असत्यात," ते म्हणाले.

मी चहाचे पैसे दिले. टमटम आली. मागच्या बाकावर एक मावशी आधीच कडेला बसली होती. मी मध्ये अंग चोरून बसलो आणि साडूंना दुसरी कड दिली.